पेट्रोल जाळून भरलेली बॅटरी

मित्रांनो, मी एक मोटारगाडी आहे आणि मला माझ्याच धुराची किळस येते. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुतेक जुन्यापुराण्या असतात. कुणाला गंज चढलेला असतो, कुणी माळ्यावर धूळ खात पडलेलं असतं. माझं तसं काही नाही. माझा पांढरा रंग अजून झकास आहे, दारं हलक्या हाताने लागतात, आणि गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत येणारा पाहुणा आधी माझ्याकडे बघतो, मग लिफ्टकडे वळतो. पण वरून धुतलेल्या गाडीच्या पोटात काय चाललंय हे पाहुण्याला कुठून कळणार? ते मलाच सांगायला हवं.

आधी माझी घडण सांगते. माझ्यात दोन यंत्रं आहेत. एक पेट्रोलवर चालणारं इंजिन आणि जोडीला विजेवर चालणारी मोटर. त्या मोटरसाठी माझ्या तळाशी चांगली वजनदार बॅटरी बसवली आहे. तुम्ही रात्री मोबाईल भिंतीवरच्या प्लगला लावता ना, तशी मलाही लावता येते. म्हणून मला प्लग-इन हायब्रिड म्हणतात. नाव अवघड आहे, काम सोपं आहे.

गिअरच्या शेजारी एक गोल बटण आहे. ते फिरवलं की मी कसं चालायचं हे ठरतं. इलेक्ट्रिक मोड लावला की इंजिन झोपतं आणि मी नुसत्या विजेवर चालते. धूर नाही, आवाज नाही, आणि शहरातलं दिवसभराचं जाणं-येणं एका चार्जिंगमध्ये आरामात भागतं. हायब्रिड मोड लावला की निर्णय माझ्यावर असतो. सिग्नलच्या गर्दीत मी वीज वापरते, हायवेला इंजिनाला उठवते, आणि कसारा घाट उतरताना ब्रेक लागला की त्यातूनच थोडी वीज परत मिळवते. पॉवर मोडमध्ये इंजिन आणि मोटर दोघंही एकदम जोर लावतात. पुढचा कंटेनर झटकन ओलांडायचा असेल तर तो ठीक आहे, पण त्यात पेट्रोल ओतल्यासारखं जातं. आणि चौथा चार्ज मोड. त्यात इंजिन चालवून बॅटरी भरली जाते. आडबाजूच्या खेड्यात गेलो, जवळ कुठे प्लग नाही, पुढे वीज लागणार आहे, अशा वेळेपुरता तो दिलेला आहे.

हे सगळं शोरूममध्ये पायल नावाच्या मुलीने नीट समजावून सांगितलं होतं. समोर माझे मालक नवनाथराव बसले होते, त्यांच्या पत्नी संजनाताई होत्या आणि आई यशोदाबाई होत्या.

"सर, रात्री प्लगला लावायची, दिवसा शहरात इलेक्ट्रिकवर फिरवायची. मुंबई-पुण्याला जाताना हायब्रिड," पायल म्हणाली. "चार्ज मोड मात्र अगदीच गरज पडली तर. त्यात पेट्रोल फार जातं."

"मॅडम, तुम्ही मला वीज शिकवताय होय?" नवनाथराव हसून म्हणाले. "अंबडला माझं पॅनेलचं वर्कशॉप आहे. निम्म्या एमआयडीसीला मी वीज वाटून देतो."

ते खरंच होतं. कारखान्यात वीज कुठून येऊन कुठे जायची हे ठरवणाऱ्या त्या मोठाल्या लोखंडी पेट्या असतात ना, त्या नवनाथराव बनवायचे. शून्यातून उभा राहिलेला माणूस. मला त्यांचं कौतुक वाटलं होतं, हे आज सांगायलाही जड जातं.

मला घेतलं होतं ते यशोदाबाईंसाठी. नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यातून त्या निवृत्त झाल्या होत्या. छापून आलेल्या कागदांमधले दोष शोधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. छातीने त्या नाजूक होत्या. धुरापासून लांब राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून आईला कॉलेज रोडच्या दवाखान्यात न्यायला, पौर्णिमेला त्रिरश्मी लेणीच्या पायथ्याशी बुद्धवंदनेला न्यायला बिनधुराची गाडी घ्यायची, असं लेकाने ठरवलं. शोरूममधून निघताना माझी बॅटरी काठोकाठ भरलेली होती. मुंबई नाक्यापासून घरापर्यंत मी इलेक्ट्रिकवर आले. मागच्या सीटवर यशोदाबाई शांत झोपून गेल्या. माझ्या आयुष्यातला तो पहिला स्वच्छ प्रवास, त्यानंतर कित्येक दिवस तसा दुसरा झाला नाही.

घरी आल्यावर माशी शिंकली. पार्किंगमध्ये माझ्यासाठी चार्जिंगचा पॉइंट हवा होता आणि त्याला सोसायटीची परवानगी लागत होती. सोसायटीचे सेक्रेटरी राकेशभाऊ. हे गृहस्थ वरच्या मजल्यावर राहत आणि सगळ्या इमारतीकडे वरूनच बघत. नवनाथरावांनी सभेत विषय मांडला, तर राकेशभाऊ पाय हलवत म्हणाले, "नवनाथभाऊ, आज तुम्हाला पॉइंट दिला की उद्या सगळेच मागतील. आणि आग लागली तर कोण निस्तरणार? बघू पुढच्या वर्षी."

"मी स्वतःच्या मीटरवरून घेतो. तारही माझी, मजूरही माझे," नवनाथराव म्हणाले.

"तरी पण पार्किंगची भिंत सोसायटीची आहे ना," राकेशभाऊ म्हणाले, आणि विषय संपला. सभेला चहा-बिस्किटं आली. अख्ख्या सभेत एकालाही तोंड उघडावंसं वाटलं नाही. फुकटची बिस्किटं मात्र सगळ्यांनी उचलली.

नवनाथरावांना ते भयंकर लागलं. निम्म्या एमआयडीसीला वीज देणाऱ्या माणसाला स्वतःच्या इमारतीत एक प्लग मिळत नाही, म्हणजे काय? ते पुन्हा राकेशभाऊंच्या दारात गेले नाहीत. "नको त्यांचा पॉइंट. माझी गाडी स्वतःची वीज स्वतः करते," असं त्यांनी घरी जाहीर केलं. माझ्याबरोबर आलेली चार्जिंगची केबल पिशवीतून न काढताच डिकीच्या तळाला गेली, आणि गोल बटण चार्ज मोडवर येऊन बसलं ते बसलंच.

संजनाताई महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या. त्यांना साधा उपाय दिसत होता. आमचा फ्लॅट तळमजल्यावर आणि माझी जागा यशोदाबाईंच्या खिडकीला लागून. एकदा माझ्यात बसल्या बसल्याच त्या म्हणाल्या, "अहो, आईंच्या खोलीत एसीचा पॉइंट आहे की. खिडकीतून केबल काढली तर गाडीला सहज पुरेल. कुणाला विचारायचीसुद्धा गरज नाही."

"माझ्या घराच्या खिडकीतून वायर लोंबणार नाही," नवनाथराव म्हणाले. "हा विषय परत काढायचा नाही."

आवाज एकदम चढला होता. एवढं रागवायचं काय कारण, हे तेव्हा मलाही उमगलं नाही.

आता या हुशार माणसाने काय केलं ते ऐका. वर्कशॉपमध्ये त्यांच्याकडे मोठाल्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या होत्या. अंबडला लाइट गेली की कामं अडायची, म्हणून त्या बॅटऱ्या सदा भरलेल्या ठेवायच्या, एरवी त्यांना हात लावायचा नाही, अशी त्यांची वर्षानुवर्षांची शिस्त. तीच शिस्त त्यांनी मला लावली. बॅटरी म्हणजे भरून ठेवायची गोष्ट, वापरायची नव्हे, हे त्यांच्या डोक्यात इतकं घट्ट होतं की माझी बॅटरी रोज वापरण्यासाठी आहे हे त्यांना कधी पटलंच नाही. संध्याकाळी घरी आले की ते माझ्यातच एसी लावून गिऱ्हाइकांशी फोनवर बोलत बसायचे. बॅटरी थोडी उतरायची. मग सकाळी अंघोळीला जाण्याआधी ते बाहेर येऊन इंजिन सुरू करायचे आणि मला पार्किंगमध्येच भुरभुरत ठेवून निघून जायचे. त्यांची अंघोळ, नाश्ता, पेपर होईपर्यंत मी जागच्या जागी पेट्रोल जाळून वीज भरत राहायचे. रस्त्यावर निघालो तरी चार्ज मोडच. भरलेली बॅटरी कमरेला बांधून मी पेट्रोलवर पळत होते. साध्या पेट्रोलच्या गाडीला निदान हे ओझं तरी नसतं.

वर हेच नवनाथराव मित्रांना सांगायचे, "हायब्रिडबियब्रिड सगळा बकवास आहे. कंपनीने फसवलं. हिच्यापेक्षा माझी जुनी गाडी जास्त ॲव्हरेज द्यायची." ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्याने मला एकदाही प्लगला लावलं नाही, त्याने माझं ॲव्हरेज काढावं?

रविवार तर बोलायलाच नको. रविवारी मित्रमंडळ घेऊन मिसळ खायला निघायचं आणि बटण एकदाचं चार्जवरून काढायचं, ते थेट पॉवरवर. आनंदवल्लीच्या पुढे रस्ता जरा मोकळा दिसला की नवनाथराव पाय दाबायचे, मी झेप घ्यायचे आणि मागचे तिघं खिदळायचे. कुणाला काही ओलांडायचं नव्हतं, कुठे लवकर पोचायचं नव्हतं. पुढच्या स्पीडब्रेकरला पुन्हा करकचून ब्रेक. परत येताना तर्रीचे हात माझ्या सीटला पुसले जायचे, कुणाला ढेकर यायची, कुणी मसाला सुपारी चघळून खिडकीतून थुंकायचं आणि ती पिंक माझ्याच दारावर यायची. कांदा, तर्री, पेट्रोल आणि सुपारी यांचा वास लपवायला नवनाथरावांनी डॅशबोर्डवर मोगऱ्याच्या सेंटची बाटली चिकटवली होती. त्या पाचही वासांनी मिळून माझ्या आत जे तयार व्हायचं, ते काचा उघड्या ठेवल्या तरी जायचं नाही.

पण ही घाण धुऊन निघण्यासारखी होती. खरी किळस माझ्या मागच्या बाजूला होती. नवनाथरावांना गाडी तोंड बाहेर करून लावायची सवय होती. निघताना रुबाबात सरळ निघता यावं म्हणून. त्यामुळे माझी धुराची नळी बरोबर यशोदाबाईंच्या खिडकीकडे असायची. मला मागे घेताना मागच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर हिरवी, पिवळी, तांबडी अशा रेषा उमटतात. तांबडी म्हणजे अगदी जवळ, थांबा. त्या तांबड्या रेषेच्या आत रोज ती खिडकी दिसायची आणि खिडकीत यशोदाबाई. तिथे बसून त्या भाजी निवडायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याला जयभीम घालायच्या, शाळेत निघालेल्या पोरांची दप्तरं नीट करायला लावायच्या. गुडघ्यांमुळे त्यांचं बाहेर पडणं कमी झालं होतं. सगळं जग त्या खिडकीतून त्यांच्याकडे यायचं. आणि रोज सकाळी मी त्याच खिडकीतून धूर सोडायचे.

पहिल्यांदा त्यांना नुसता खोकला झाला. मग सकाळी उठल्यावर धाप लागू लागली. मग एक दिवस जिना नाही, चढ नाही, नुसतं बाथरूमपर्यंत जाऊन त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला, औषधं वाढवली. घरात शोध सुरू झाला. कुणी म्हणालं समोर बांधकाम चालू आहे, त्याची धूळ. कुणी म्हणालं कबुतरं. शेजारच्या सुलाबाई म्हणाल्या, अगरबत्ती लावू नका. अगरबत्ती बंद झाली, उशी बदलली, पडदे धुतले, कबुतरांना जाळी लागली. मी तिथेच उभी होते आणि रोज सकाळी भुरभुरत होते. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते. मला फक्त नळी होती, आणि तिच्यातून काय निघत होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

शेवटी नवनाथरावांनी तोडगा काढला. आईच्या खोलीची खिडकी कायमची बंद करायची. ग्रिलच्या आतून पक्की काच बसवायची, फट ठेवायची नाही, आणि एसी चालू ठेवायचा. तरीही खोकला थांबला नाही तर आईला काही महिने मनमाडला रंगूमावशीकडे पाठवायचं. रंगूबाई म्हणजे यशोदाबाईंची धाकटी बहीण. ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणारा झुंबर नावाचा कारागीर येऊन मापं घेऊन गेला. तो टेप लावत होता तेव्हा यशोदाबाई मांडीवरच्या ताटलीतल्या मेथीच्या काड्या मोडत बसल्या होत्या.

"आई, तुझ्या भल्यासाठीच करतोय," नवनाथराव म्हणाले.

"हो बाबा," त्या म्हणाल्या. "मग मी दिवसभर काय बघू, तेवढं सांग."

लेक मोबाईल बघत आत निघून गेला.

त्याच सुमारास नवनाथराव एका औद्योगिक प्रदर्शनासाठी रेल्वेने सुरतेला गेले. मी पार्किंगमध्ये बंद उभी राहिले. आणि तिकडे खिडकीत फरक पडला. पहिल्या सकाळी यशोदाबाई थोड्या कमी खोकल्या. पुढे पंप न घेताच त्यांनी वाटाणे सोलले. आणखी एक-दोन दिवसांनी तर सुलाबाईंशी खिडकीतूनच गप्पांचा असा फड रंगला की संजनाताईंना आत येऊन सांगावं लागलं, जरा दम घ्या. दोष शोधण्यात उमर घालवलेली बाई ती. काल काय होतं आणि आज काय नाही, हे तिच्या मनाने मुकाट्याने ताडून बघितलं असणार.

नवनाथराव परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीप्रमाणे बाहेर आले, इंजिन सुरू केलं, खांद्यावर टॉवेल टाकून आत निघाले. आज झुंबर काच घेऊन येणार होता. मी भुरभुरू लागले, आणि खिडकीत खोकल्याची उबळ आली. एरवी अशा वेळी यशोदाबाई आतल्या खोलीत जायच्या. आज त्या बाहेर आल्या. पदर नाकाला लावून, भिंत धरत धरत, त्या थेट माझ्या मागे आल्या. खाली वाकून त्यांनी माझ्या नळीसमोर तळहात धरला. मग तो हात नाकापाशी नेला. त्यांचा चेहरा मला कॅमेऱ्यात जवळून दिसला. शिळ्या अन्नाचा डबा उघडल्यावर माणूस तोंड फिरवतो, तसं त्यांनी तोंड फिरवलं. त्या माझ्याकडे बघून तोंड फिरवत होत्या, आणि मला ते योग्यच वाटलं.

"नवनाथ, बंद कर ही," त्यांनी हाक मारली.

नवनाथराव टॉवेलनिशी धावत आले. "आई, तू बाहेर कशाला आलीस? आणि थोडा वेळ थांब, बॅटरी भरतेय."

"कशानं भरतीय?"

"इंजिनाने."

"अन् इंजिन कशावर चालतंय?"

"पेट्रोलवर."

"म्हणजे पेट्रोल जाळायचं, त्याची वीज करायची, ती भरून ठेवायची," यशोदाबाई एकेक शब्द श्वास घेत म्हणाल्या. "अन् वापरायची कधी?"

"लागेल तेव्हा."

"घेतल्यापासून कधी लागली?"

पॅनेलवाल्या माणसाला एवढा साधा हिशेब उभ्या उभ्या चुकलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मागून संजनाताई आल्या होत्या. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "तुम्ही सुरतेला होतात तेव्हा आई खोकल्या नाहीत."

ते वाक्य नवनाथरावांना समजायला वेळ लागला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, नळीकडे बघितलं, नळीसमोरच्या खिडकीकडे बघितलं. दारातून हात आत घालून त्यांनी माझं इंजिन बंद केलं. पार्किंगमध्ये एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत यशोदाबाईंच्या छातीतली घरघर सगळ्यांना ऐकू आली.

"मग पॉइंटचं काय करू?" ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता, पण अढी सुटली नव्हती. "त्या राकेशपुढे हात पसरू?"

"त्याच्यापुढं कशाला? माझ्या खिडकीतून घे ना वायर."

"खिडकीतून नाही, आई."

यशोदाबाई पायरीवर टेकल्या. थोडा श्वास जमू दिला. मग म्हणाल्या, "तुला देवळाली गावातली खोली आठवती, मला ठाऊक हाय. घरमालकाच्या खिडकीतून वायर यायची आपल्याकडं, एका बल्बापुरती. तू पुस्तक उघडलंस की तो वायर ओढून घ्यायचा. वर म्हणायचा, तुमचं पोरगं शिकून काय दिवे लावणार हाय. तू अंधारात तसाच बसून राहायचास, रडायचा पण नाहीस."

संजनाताईंनी नवऱ्याकडे बघितलं. हे त्यांना कुणी कधी सांगितलं नसावं.

"आई, राहू दे," नवनाथराव म्हणाले.

"का राहू दे? ऐक. तेव्हा वायर त्याच्या खिडकीतून आपल्याकडं यायची, म्हणून तो ओढायचा. ही आपल्या खिडकीतून जाणार. ही ओढणारा कोण हाय, सांग."

नवनाथरावांनी माझी डिकी उघडली. मिसळ पार्टीच्या उरलेल्या कागदी डिश, कुणाची तरी चप्पल, तेलकट फडकं बाजूला करून त्यांनी ती पिशवी बाहेर काढली आणि तिची चिकटपट्टी दातांनी फाडली. मग आत जाऊन टेस्टरने एसीच्या पॉइंटची अर्थिंग तपासली. विजेच्या बाबतीत हयगय करणारा हा माणूस नव्हे, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. त्यांनी बाहेरून ग्रिलमधून केबलचं टोक आत सरकवलं. आत यशोदाबाई जाऊन उभ्या होत्या. प्लग त्यांनी स्वतःच्या हाताने लावला. माझ्या कुशीतला निळा दिवा लागला. भिंतीतून आलेली वीज कशी असते ते मला त्या दिवशी पुन्हा कळलं. तिला वास नसतो.

तेवढ्यात लिफ्टमधून राकेशभाऊ उतरले. खिडकीतली केबल दिसताच त्यांनी आधी मोबाईल काढून फोटो घेतला. "नवनाथभाऊ, हे काय? सोसायटीचा लुक जातो असल्यानं."

नवनाथराव उत्तर द्यायला वळले, पण त्याआधी खिडकीतून आवाज आला. "राकेश, इतके दिवस माझा जीव जात होता, तेव्हा नाही तू फोटो काढलास. आता लुक गेला तर काढ. अन् भिंतीला आम्ही हात लावलेला नाही, नीट बघ."

राकेशभाऊ काहीतरी पुटपुटत स्कूटरकडे गेले. मागोमाग झुंबर काच घेऊन आला. त्याला चहा पाजून काच परत पाठवली.

मित्रांनो, इथे गोष्ट गोड करून संपवता आली असती. पण मी गोड बोलायच्या मनःस्थितीत नाही. आता मी रोज रात्री खिडकीतून चार्ज होते. अंबडला जाऊन येणं, कॉलेज रोडचा दवाखाना, पंचवटीतला भाजीबाजार, सगळं इलेक्ट्रिकवर होतं. लांबच्या प्रवासाला हायब्रिड लागतो. आता पेट्रोल पंपावरचा पोरगा आम्हाला विसरला असेल. नवनाथराव आता गाड्यांवर सल्ले देत फिरतात. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी माझा फोटो टाकला, आईचा हात खिडकीत दिसेल असा, आणि खाली लिहिलं, पर्यावरणासाठी आमचा छोटासा प्रयत्न. ज्यांनी सभेत बिस्किटं खाल्ली त्यांनीच त्याला लाइकचे अंगठे दिले. राकेशभाऊंचासुद्धा अंगठा आहे. नवनाथरावांनी माझ्यात बसून ते सगळं मोठ्याने वाचून दाखवलं.

यशोदाबाई पहिल्यापेक्षा बऱ्या आहेत. खिडकीत बसतात, भाजी निवडतात, पोरांना दप्तराचे बंद लावायला सांगतात. पण परवा दवाखान्यातून परत येताना मागच्या सीटवर बसून त्यांनी लेकाला सांगितलं, आणि माझ्यात आवाज नसल्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला. "डॉक्टर म्हणाला, पंप आता कायमचा. छातीचं जे गेलं ते गेलं." नवनाथराव सिग्नलला थांबले होते. दिवा हिरवा झाला तरी ते निघाले नाहीत. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. यशोदाबाईच म्हणाल्या, "चल रे, लोकं खोळंबलीत."

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरी माझ्यासारखी गाडी असेल तर तिची केबल पिशवीतून बाहेर काढायला लावा. वडील उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून बोलत बसले, तर मागे जाऊन बघा, नळीसमोर कुणाची खिडकी आहे ते. मोठ्या माणसांना हे सांगायची लाज बाळगू नका, ती मंडळी फार काही जाणत नाहीत. माझ्याकडे पुढे जायचे चार मोड आहेत आणि मागे यायचा एक गिअर आहे. पण यशोदाबाईंच्या छातीत गेलेला माझा धूर परत ओढून घेईल, असं एकही बटण माझ्यात बसवलेलं नाही.